फायर हॉलचे चार हजार

बर्नडीन हुडाकला राग येतो, ही ब्रॅडर्स फोर्ज गावात कुणाला नव्यानं सांगायची गोष्ट नव्हती. एकोणीस वर्षं ती शाळेची चौदा नंबरची बस चालवत होती आणि त्या एकोणीस वर्षांत बसमधल्या एकाही पोरावर तिनं आवाज चढवला नव्हता. तिचा राग मोठ्या माणसांसाठी राखून ठेवलेला होता, त्यातही कागदावर गोड बोलणाऱ्यांसाठी. विमा कंपनीचं पत्र आलं की ती ते उभ्यानं एकदा वाचायची, मग बसून पुन्हा वाचायची, आणि दुसऱ्या वाचनाला तिच्या मानेवर लाल चट्टे उठायला लागायचे. तिची मुलगी कॉरीन लहानपणापासून आईची मान बघूनच ओळखायची की आज घरात जपून राहायला हवं.

या रागाला मूळ होतं. अठराव्या वर्षी बर्नडीनला नर्सिंगच्या कॉलेजात प्रवेश मिळाला होता. कॉलेजकडून जाड कागदावर पत्र आलं होतं: अभिनंदन, आपल्याला पुढीलप्रमाणे मदत मंजूर झाली आहे. खाली तीन रकमा आणि त्यांची बेरीज. तिचे वडील तेव्हा पोलादाच्या कारखान्यातून कमी केलेले, घरी बसलेले. त्यांनी ते पत्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवलं होतं. वर्ष संपल्यावर दुसरं पत्र आलं तेव्हा कळलं, की तीनपैकी दोन रकमा कर्जाच्या होत्या. मंजूर झालं म्हणजे मिळालं, असं घरातल्या सगळ्यांनी धरून चाललं होतं. बर्नडीननं कॉलेज सोडलं, आणि न झालेल्या नर्सिंगचे हप्ते नऊ वर्षं फेडले. शेवटचा हप्ता गेला तेव्हा ती बसच्या स्टिअरिंगवर बसायला लागली होती. पुढे लग्न झालं, कॉरीन झाली, आणि कॉरीन बारा वर्षांची असताना नवरा हृदयविकारानं गेला. तेव्हापासून घरात या दोघीच.

कॉरीनला पाणी शिकायचं होतं. म्हणजे पाण्याचं रसायन. गावामागच्या ओढ्याचं पाणी जुन्या कोळसाखाणीतून झिरपून येतं आणि दगडांवर गंजासारखा नारिंगी थर बसतो. गावातल्या माणसांना त्याचं काही वाटत नाही. कॉरीननं मात्र नववीपासून त्या ओढ्याचे नमुने बाटल्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवले होते, अंड्यांच्या शेजारी. बारावीच्या हिवाळ्यात तिनं तीन ठिकाणी अर्ज केले. एक सरकारी विद्यापीठ. दुसरं जिल्ह्याचं छोटं कॉलेज, जिथे घरून जाऊन-येऊन शिकता येईल. तिसरं एल्म्सक्रॉफ्ट, डोंगरांपलीकडे साडेचार तासांवर, दगडी इमारतींचं, श्रीमंत, आणि पाण्याची एक आख्खी प्रयोगशाळा असलेलं.

मार्चच्या मध्यापर्यंत तिन्हीकडून प्रवेश मिळाला. आणि मग सुरू झालं वाट बघणं. कारण प्रवेश मिळाला याला तसा काही अर्थ नव्हता. मदत किती देणार ते कळेपर्यंत कुठेच हो म्हणता येत नव्हतं. एक मेपर्यंत कळवायचं होतं. कॉरीन जेवताना फोन बघायची, दात घासताना बघायची. एकदा बर्नडीननं तिच्या हातातून फोन काढून ब्रेडच्या डब्यात ठेवला.

"अगं आई, पत्र आलं असेल तर?"

"आलं तर डब्यात थांबेल. सूप गार होतंय."

सरकारी विद्यापीठाचं पत्र आधी आलं, मग जिल्ह्याच्या कॉलेजचं. एल्म्सक्रॉफ्टचं आलं मार्चच्या शेवटच्या मंगळवारी दुपारी. फोनच्या पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला आणि मधोमध अक्षरं उमटली: अभिनंदन, कॉरीन! तुझी एकूण मदत अठ्ठ्याहत्तर हजार डॉलर. खाली: तुझ्या कुटुंबानं भरायची रक्कम, शून्य.

कॉरीन खुर्चीवरून उठून उभी राहिली. "आई! शून्य!"

"बस खाली," बर्नडीन म्हणाली. तिच्या मानेवर चट्टे उठायला लागले होते. "तो पाऊस बंद कर आधी, आणि छापून आण."

कॉरीननं लायब्ररीतून तिन्ही पत्रं छापून आणली. बर्नडीननं स्वयंपाकघरातल्या टेबलावर ती शेजारी शेजारी मांडली आणि लाल पेन्सिल घेतली. तिन्ही पत्रांची भाषा वेगळी. एक म्हणत होतं 'पुरस्कार', दुसरं 'पॅकेज', तिसरं 'तुमच्या शिक्षणातली आमची गुंतवणूक'. एकानं खोलीचा आणि जेवणाचा खर्च धरला होता, एकानं नव्हता. कर्जाला कर्ज म्हणायची तर एकाचीही तयारी नव्हती. नुसती कुठल्यातरी योजनेची आद्याक्षरं, आणि त्यापुढे आकडा.

"हे बघ," बर्नडीननं पहिली रेघ मारली. "हे पाच हजार तुझ्या नावावरचं कर्ज. हे तीन हजार माझ्या नावावरचं. मी मागितलं होतं? विचारलं तरी कुणी मला? परस्पर मलाच कर्जदार करून माझं अभिनंदन करतायत! हे दोन हजार म्हणजे तू त्यांच्याकडे भांडी घासशील तेव्हा मिळणारे. तुझ्या घामाचे पैसे यांनी आपल्या मदतीत धरलेत."

"पण मी करीन ना काम."

"कर. पण तो त्यांचा उपकार नाही."

रेघा मारून झाल्यावर, कॉरीनच्या कामाचे दोन हजार धरूनही, एल्म्सक्रॉफ्टचा शून्य आठ हजारांवर आला. सरकारी विद्यापीठाचा झाला अठरा हजार. जिल्ह्याच्या कॉलेजचा सात, पण तिथे रसायनशास्त्र दोनच वर्षांचं होतं आणि रोज जायला दुसरी गाडी लागली असती. बर्नडीननं तिन्ही बेरजा पुन्हा करून बघितल्या. सगळ्यात महाग कॉलेज सगळ्यात परवडणारं निघत होतं, आणि त्याचाही तिला रागच आला. इतका उलटा हिशेब मांडून ठेवणाऱ्या लोकांचा.

वर्षाचे आठ हजार. त्यातले चार हजार होण्यासारखे होते: शनिवारी बँकेची साफसफाई ती करतच होती, आणि कॉरीन उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात उभी राहणार होती. उरलेल्या चार हजारांना वाट दिसत नव्हती.

ती वाट फायर हॉलमधून निघाली.

ब्रॅडर्स फोर्जमध्ये आग विझवायला पगारी माणसं नाहीत. गावातलेच लोक बंब घेऊन पळतात. त्यांच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपासाच्या सगळ्या शुक्रवारी मासे तळतात. दुपारी चारपासून रांग लागते. बशीपेक्षा लांब माशाचा तुकडा, कोबी घातलेल्या शेवया, बटाटा भरून उकडलेल्या करंज्या, म्हणजे पिरोगी. बर्नडीन बारा वर्षं तिथे कढईवर उभी राहत होती. तिच्या कोपरापर्यंत तेल उडून भाजल्याचे जुने डाग होते. त्या सहा-सात शुक्रवारांतून जे उरे, त्यातून हॉल दर वर्षी गावातल्या एका मुलाला शिष्यवृत्ती द्यायचा. चार हजार डॉलर, एकदाच.

ही शिष्यवृत्ती ऑगी वोज्निकनं सुरू केली होती. ऑगी चौऱ्याहत्तर वर्षांचा, बर्नडीनच्या वडिलांबरोबर कारखान्यात भट्टीवर होता, आणि हॉलचा खजिनदार. गावात निम्मे लोक त्याला काकाच म्हणत. त्या वर्षी हॉलच्या समितीत कॉरीनचं नाव निघालं तेव्हा बर्नडीनला, तीही समितीतली असल्यामुळे, बाहेर जाऊन उभं राहायला लावलं होतं, नियम म्हणून. आत बोलावलं तेव्हा ऑगीकाका माईकसमोर उभा होता. माईकची काही गरज नव्हती.

"आपली ओढ्याची डॉक्टरीण," तो म्हणाला. "फ्रिजमध्ये घाण पाणी ठेवते आणि आईला अंडी खायला लावते. जा पोरी, शीक, आणि परत येऊन तो ओढा स्वच्छ कर."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. बर्नडीन एप्रनच्या टोकाला हात पुसत राहिली. त्या दिवशी तिला कुणाचाच राग आला नाही.

एल्म्सक्रॉफ्टच्या संकेतस्थळावर एक रकाना होता: बाहेरून मिळालेली शिष्यवृत्ती असल्यास कळवणे बंधनकारक. कॉरीननं कळवलं. पाच दिवसांनी सुधारलेलं पत्र आलं. या वेळी रंगीत पाऊस नव्हता.

कॉरीननं ते स्वतःच वाचलं, दोनदा, आणि मग आईसमोर ठेवलं. फायर हॉलचे चार हजार त्यात आले होते, नव्या ओळीवर, हॉलच्या नावासकट. आणि वरच्या ओळीत कॉलेजनं स्वतःच्या खिशातून जे अडुसष्ट हजार देऊ केले होते, त्यांचे चौसष्ट झाले होते. कर्ज जिथल्या तिथे होतं. एकूण मदत: अठ्ठ्याहत्तर हजार.

"चुकलंय त्यांचं," बर्नडीन म्हणाली.

फोनवर तिला बावीस मिनिटं पियानो ऐकवण्यात आला. मग एका मुलानं अतिशय नम्रपणे सांगितलं, की चूक नाही, धोरण आहे. विद्यार्थिनीची गरज आधीच पूर्ण भागवलेली असल्यामुळे बाहेरून रक्कम आली की कॉलेज आपली रक्कम तेवढी कमी करतं. कुटुंबाची परिस्थिती जशी होती तशीच राहते.

"जशी होती तशीच," बर्नडीननं उच्चारून बघितलं. "बाळ, मग ते चार हजार गेले कुणाला?"

"मॅडम, ते विद्यार्थिनीलाच मिळतात."

"तिला मिळून तिचे तेवढेच राहिले. मग वाढले कुणाचे?"

तिकडे त्या मुलानं कळफलकावर काहीतरी टाईप केलं. मग म्हणाला, आणखी काही मदत हवी आहे का?

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते कॉरीननं त्या दुपारी समोर बसून बघितलं. पण बर्नडीन ओरडली नाही. तिनं फोन खाली ठेवला, अंगात कोट चढवला आणि पत्र घेऊन चालत फायर हॉलवर गेली.

ऑगीकाका मागच्या खोलीत टेबलं पुसत होता. त्यानं चष्मा लावून पत्र वाचलं आणि पहिल्यांदा तोही तेच म्हणाला, चुकलं असेल. मग बर्नडीननं फोनवरचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं.

"म्हणजे आपण मासे तळले," तो सावकाश म्हणाला, "आणि त्यांनी आपल्या खिशातले चार हजार वाचवले?"

"ऑगीकाका, ही शिष्यवृत्ती किती वर्षं चाललीय?"

"अकरा."

"आधीच्या पोरांचं काय झालं? विचारलं कधी?"

ऑगीकाकानं विचारलं नव्हतं. कशाला विचारेल? चेक थेट कॉलेजला जायचा, कॉलेजकडून आभाराचं छापील पत्र यायचं. अकराही पत्रं त्यानं भिंतीवर चौकटीत लावली होती. दोघांनी त्या भिंतीसमोर उभं राहून नावं काढली आणि बर्नडीननं दोन दिवसांत, बसच्या सकाळ-दुपारच्या फेऱ्यांच्या मधल्या वेळात, अकरापैकी सापडलेल्या आठ घरी फोन केले. तिघांना काहीच आठवत नव्हतं. एकीचे पैसे नीट लागू पडले होते. चौघांचे तसेच गेले होते, जसे कॉरीनचे.

त्या चौघांत एक होता डॉमिनिक फेराँते. सात वर्षांपूर्वीचा. दुसऱ्याच एका कॉलेजात गेला होता, दुसऱ्या वर्षी परत आला आणि आता नदीकाठच्या टायरच्या दुकानात होता. गावाचा समज असा होता, की डॉमला अभ्यास झेपला नाही. ऑगीकाकाचाही. त्याच्याकडे मात्र दोघं स्वतः गेले.

डॉमनं हात पुसले, पत्र बघितलं आणि मान हलवली. "हो. माझंही असंच. हॉलचे पैसे एकदाचे, आणि त्यांनी कापलेले परत दिलेच नाहीत. पुढच्या वर्षी साडेतीन हजार कमी पडत होते. ते असते तर राहिलो असतो."

"साडेतीन?" ऑगीकाका म्हणाला. "अरे, मग तू बोलला का नाहीस? मी होतो ना इथे!"

डॉम टायरवर टेकला. "काय बोलू, मिस्टर वोज्निक? तुम्ही सगळे कढईवर उभे राहिला होतात. तुम्ही माझ्या आईला मिठी मारली होती. येऊन सांगू, की तुमचे पैसे त्यांनी खाल्ले? मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल अर्ज भरताना."

परत येताना ऑगीकाका गाडीच्या खिडकीतून बाहेर बघत बसला. हॉलसमोर उतरताना म्हणाला, "इतकी वर्षं मी त्या पोराला आळशी समजत होतो, बर्नी. त्याच्याच दुकानात टायर बदलून घेताना."

दुसऱ्याच शनिवारी एल्म्सक्रॉफ्टमध्ये प्रवेश मिळालेल्या मुलांसाठी आणि पालकांसाठी दिवस होता. बर्नडीननं जायचं ठरवलं. ऑगीकाका विचारल्याशिवायच येऊन गाडीत मागे बसला, अंगात फायर हॉलचं जाकीट, मांडीवर सँडविचची पिशवी. कॉरीन दरवाजाशी उभी राहिली.

"आई, तू तिथे तमाशा करणार."

"करणार."

"मला तिथे चार वर्षं राहायचंय. कदाचित."

"म्हणूनच."

साडेचार तासांत बर्नडीन एकदाही ताशी पंचावन्न मैलांच्या वर गेली नाही. एकोणीस वर्षांची सवय होती. कॉलेजमध्ये हिरवळीवर तंबू होते, फुगे होते, मोफत टोप्या वाटत होते. एका हसऱ्या मुलीनं ऑगीकाकाच्या डोक्यावर टोपी घातली. त्यानं ती काढून घडी करून सँडविचच्या पिशवीत टाकली. बर्नडीन तंबूत थांबली नाही. आर्थिक मदतीची कचेरी कुठे आहे ते विचारून ती थेट तिथे गेली, मागून ही दोघं.

कचेरीतल्या बाईंचं नाव मिस लँगफर्ड. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, टेबलावर टॉफीची वाटी. त्यांनी तिघांना बसायला खुर्च्या दिल्या, पत्र बघितलं, संगणकात बघितलं आणि फोनवरच्या मुलानं सांगितलं तेच जास्त चांगल्या शब्दांत सांगितलं. एका विद्यार्थ्याकडे जास्तीची मदत गेली, की दुसऱ्या गरजू विद्यार्थ्याला कमी पडते. वाचलेला पैसा पुन्हा मदतीतच जातो. त्यात न्याय आहे.

"कुठला न्याय?" बर्नडीन म्हणाली. "तुमच्याकडे गरजू पोरं आहेत, हे कबूल. मग त्यांच्यासाठी तुम्ही तळा ना मासे! लावा कढई त्या हिरवळीवर. आमच्या गावात एक म्हातारी आहे, तिला उभं राहवत नाही, तर खुर्चीत बसून पिरोगी वळते. चारशे पिरोगी. तिला सांगू का, की तू हे कॉलेजच्या खजिन्यासाठी वळलंस?"

"मिसेस हुडाक, मला तुमच्या भावना समजतात…"

"भावना नाहीत या! चार हजार डॉलर आहेत!" बर्नडीन उठून उभी राहिली. तिचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यात गेला असणार, कारण तिथली कुजबुज थांबली. "माझ्या वडिलांच्या घरीही असंच पत्र आलं होतं. असाच जाड कागद. माणसाला कळू नये म्हणूनच तुम्ही असं लिहिता. कर्जाला मदत म्हणायचं, आमच्या पैशाला तुमचे म्हणायचं, आणि वर अभिनंदन!"

ऑगीकाका जमिनीकडे बघत होता. कॉरीननं आईचा हात धरला आणि तिला खाली बसवलं.

"आई, थांब. मी बोलते." मग ती मिस लँगफर्डकडे वळली. तिचे कान लाल झाले होते, पण आवाज सरळ होता. "मला एक विचारायचंय. चार हजार कमी करायचेच होते, तर कर्जातून का नाही केले? माझ्या पत्रात पाच हजारांचं कर्ज आहे. आधी तुमच्या अनुदानातूनच का?"

मिस लँगफर्डनी टॉफीची वाटी जराशी सरकवली.

"तसंही करता येतं," त्या म्हणाल्या.

"येतं?"

"कुटुंबानं लेखी विनंती केली तर. तशी तरतूद आहे. मग बाहेरची रक्कम आधी कर्जाच्या जागी धरतात आणि आमचं अनुदान तसंच राहतं."

बर्नडीननं पत्र पुन्हा उचललं आणि उलटून मागची बाजू बघितली.

"हे लिहिलंय कुठे?" कॉरीननं विचारलं.

"माहितीपुस्तिकेत आहे. एकतिसाव्या पानावर."

"या वर्षी किती जणांनी अशी विनंती केली?"

"तू तिसरी."

"आणि बाहेरून शिष्यवृत्ती किती जणांनी आणली?"

मिस लँगफर्डना हे सांगायची गरज नव्हती. का सांगितलं, कोण जाणे. कदाचित त्यांनाही कधीतरी कुणीतरी विचारावं असं वाटत असेल. "दर वर्षी साधारण दीडशे."

आता ऑगीकाकानं मान वर केली. "बाई," तो म्हणाला, "आमच्या गावात एक पोरगा टायर बदलतो. तो तुमच्या कॉलेजात नव्हता, दुसऱ्या कुठल्यातरी होता. पण त्यांच्याकडेही असंच एखादं एकतिसावं पान असेल ना?"

"मी त्यांच्याबद्दल सांगू शकत नाही."

"नाही. मीही सांगू शकलो नाही त्याला."

विनंतीचा अर्ज अर्ध्या पानाचा होता. कॉरीननं तो तिथेच भरला. मिस लँगफर्ड म्हणाल्या, दोन आठवड्यांत उत्तर येईल. बर्नडीन म्हणाली, आम्ही थांबतो. त्या म्हणाल्या, आज शनिवार आहे. बर्नडीननं पर्स मांडीवर घेतली आणि खुर्चीत नीट बसली. ऑगीकाकानं सँडविच काढली आणि एक मिस लँगफर्डनाही देऊ केली. बाहेर पालकांची रांग वाढत होती आणि प्रत्येक जण दारातून आत डोकावून विचारत होता, काय झालं? बर्नडीन प्रत्येकाला सांगत होती. एकतिसावं पान, ती म्हणायची, लेखी मागा. तासाभरात दोन बायका आणि एक उंच, थकलेला गृहस्थ तिथेच अर्ज मागू लागले.

पावणेतीनला मिस लँगफर्ड आतल्या खोलीत जाऊन कुणाशीतरी बोलल्या आणि सही केलेला कागद घेऊन आल्या. अनुदान पुन्हा अडुसष्ट हजार. कर्जाचे पाच हजार होते, तिथे एकच उरला, आणि तोही नको असेल तर नको. मात्र एवढं या वर्षापुरतं. पुढच्या वर्षी बाहेरून काही मिळालं तर पुन्हा विनंती करावी लागेल.

"दर वर्षी?" बर्नडीननं विचारलं.

"दर वर्षी."

बर्नडीननं कागद घेतला. आभार मानले नाहीत. कॉरीननं मानले.

परतीच्या वाटेवर बर्नडीननं डोंगरातल्या एका पेट्रोलपंपावर गाडी थांबवली. ऑगीकाका कॉफी आणायला गेला. कॉरीन पुढच्या सीटवर पाय वर घेऊन बसली होती.

"आई, मला त्या लोकांचा इतका राग आलाय ना, की रडू येतंय. आणि तरी मला तिथेच जायचंय. ती प्रयोगशाळा खिडकीतून दिसली मला. हे चूक आहे का?"

बर्नडीनला म्हणायचं होतं, नको जाऊस, थुंक त्यांच्यावर. घशापर्यंत आलं होतं. पण तिथेच बसल्या बसल्या तिला तिचं स्वतःचं वय आठवलं, अठराचं, आणि तेव्हा एकाही मोठ्या माणसानं विचारलं नव्हतं, की तुला काय हवंय.

"चूक कसली," ती म्हणाली. "जा. शिकायला जातेयस, त्यांच्या पाया पडायला नाही. राग बरोबर घेऊन जा. जागा लागत नाही त्याला."

एप्रिलच्या अखेरीला हॉलची बैठक झाली. बर्नडीननं लिहून आणलेला नियम वाचून दाखवला: ज्या मुलाला शिष्यवृत्ती मिळेल, त्याच्या कॉलेजनं आपली मदत कमी करणार नाही असं सहीनिशी लिहून दिल्याशिवाय चेक जाणार नाही. बंबाचा ड्रायव्हर म्हणाला, एवढी मोठी कॉलेजं आपल्याला कशाला लिहून देतील? रागावली तर पोरांचंच नुकसान व्हायचं. त्यावर बरीच वादावादी झाली. पिरोगीवाली म्हातारी खुर्चीतून म्हणाली, "मला फक्त एवढंच सांगा, माझ्या पिरोगी कोण खातंय?" मग हात वर झाले. नियम दोन मतांनी मंजूर झाला. सगळे बाजूनं नव्हते.

ऑगीकाकानं त्याच बैठकीत डॉमिनिकसाठी साडेतीन हजार मागितले, पुन्हा कॉलेजात जायला. तेही मंजूर झाले. तो स्वतः सांगायला गेला. डॉमनं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता नको, मिस्टर वोज्निक. मला दोन पोरं आहेत. तेव्हा हवे होते." ऑगीकाका घरी आला आणि चार दिवस हॉलकडे फिरकला नाही. पाचव्या दिवशी येऊन त्यानं भिंतीवरच्या अकराही चौकटी उतरवल्या.

कॉरीन ऑगस्टमध्ये गेली. आता ती कुठल्याशा नदीत गमबूट घालून उभी असते आणि आईला चिखलाचे फोटो पाठवते. पैशाची ओढाताण आहेच. बर्नडीननं बँकेच्या जोडीला दंतवैद्याच्या दवाखान्याची साफसफाई धरली आहे.

दुसऱ्या वर्षी हॉलची शिष्यवृत्ती एका शांत मुलीला मिळाली. तिला लहान मुलांची नर्स व्हायचं होतं. तिच्या कॉलेजला बर्नडीननं सहीसाठी कागद पाठवला. तीन आठवडे उत्तर नाही. मग एक पत्र आलं, सही नसलेलं, ज्यात लिहिलं होतं की आपल्या औदार्याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. बर्नडीननं ते बसमध्ये बसून वाचलं आणि मानेला हात लावला. मान तापली होती. तिनं नंबर फिरवला. पियानो सुरू झाला. तिनं फोन स्पीकरवर टाकून समोर ठेवला, डब्यातलं अंडं काढून सोलायला घेतलं आणि पाय पसरून बसली. पुढची फेरी पावणेतीनला होती.